मागच्या जिन्यातली बाई आणि सरकारी दप्तर

परळच्या आमच्या चाळीच्या मागच्या जिन्यात एक बाई होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, जिथे कठड्याचे दोन गज कधीचेच गळून पडले होते तिथे, ती दिवेलागणीनंतर उभी असते, असे चाळीत सांगत. माझ्या भावाला आणि त्याच्या बरोबरीच्या मुलांना ती हिरव्या साडीतली, उलट्या पायांची हडळ म्हणून ठाऊक होती. आम्हा मुलींना मात्र थोडे कळते झाल्यावर तिची निराळी गोष्ट सांगितली जाई. त्या गोष्टीत तिचे पाय सरळ होते, ती कोणाला धरत नव्हती, झपाटत नव्हती आणि पुरुषांशी तर बोलतच नव्हती. वर चढणाऱ्या लग्न झालेल्या बाईला ती एवढेच विचारी, "जरा कडी काढता का हो?"

ती चाळ आता नाही. पावसाळ्यानंतर एकदा कौले उतरवायला सुरुवात झाली, मग सागवानी तुळया ओळीने रस्त्यावर आल्या, त्यांचा सौदा जागेवरच झाला, आणि दिवाळीपर्यंत तिथे पत्र्याचे कुंपण उभे राहिले. भाडेकरूंची यादी म्हाडाकडे आहे, पाडकामाची परवानगी पालिकेकडे आहे, करारनामे विकासकाकडे आहेत. त्या चाळीत सुमारे नव्वद वर्षे जी माणसे जन्मली, भांडली, आजारी पडली आणि मेली, त्यांच्याविषयीचा एकही कागद यांपैकी कोणाकडे नाही. जिन्यातल्या बाईविषयी असण्याचा प्रश्नच येत नाही.

जुनी इमारत पाडण्याची परवानगी देण्यापूर्वी तिची नोंद करणे कायद्याने बंधनकारक असावे, असे माझे मत आहे. आणि त्या नोंदीत नकाशे, छायाचित्रे आणि रहिवाशांच्या आठवणी यांच्याबरोबर तिथल्या भुताखेतांच्या गोष्टीही उतरवून घेतल्या जाव्यात, हे मी त्याच गांभीर्याने म्हणते आहे.

चाळी पाडू नयेत असे मला म्हणायचे नाही. शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीत सात माणसांनी आयुष्य काढण्यात काही रम्य असते, असे ज्याने ते काढलेले नाही त्यालाच वाटू शकते. माझ्या आईला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या घरात संडास मिळाला, आणि त्या दिवशी तिने देवापुढे साखर ठेवली. २०१७ साली भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली तेव्हा ३३ माणसे गेली. टेकू लावलेल्या इमारतीत झोपणाऱ्यांना वारशाची महती सांगायला जाणे ही क्रूरता आहे. दक्षिण मुंबईतल्या जुन्या भाड्याच्या इमारतींसाठी १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला तेव्हा उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर आकारलेल्या, इमारतींची संख्या एकोणीस हजारांच्या वर होती. त्यांतल्या कित्येक पडल्या, कित्येक पाडल्या, आणि उरलेल्याही आज ना उद्या जाणार आहेत. इमारत जाणार हे ठरलेलेच असेल, तर तिच्याबरोबर काय काय जाऊ द्यायचे हे तरी ठरवण्याची जबाबदारी आपली आहे.

मुंबईला वारसा जपण्याची भाषा ठाऊक नाही असेही नाही. वारसा इमारतींसाठी स्वतंत्र नियमावली १९९५ साली देशात सर्वांत आधी याच शहराने केली, आणि २०१८ साली ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या इमारती जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. पण या सगळ्या यंत्रणेची नजर इमारतीच्या दर्शनी भागावर असते, तिच्या कमानींवर, मनोऱ्यांवर आणि नक्षीवर असते. ज्या इमारतीला दर्शनी भागच नव्हता, होती ती फक्त गॅलरी आणि तिच्यावर वाळत घातलेले कपडे, ती या नजरेत भरत नाही. बीडीडी, म्हणजे सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या, चाळींचे उदाहरण घ्यावे. १९२० नंतरच्या चार-पाच वर्षांत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी सरकारने बांधल्या. प्रत्येक चाळीत तळमजला धरून चार मजले, मजल्याला वीस खोल्या, आणि खोली १६० चौरस फुटांची. कामगारांसाठी बांधलेल्या या घरांत सुरुवातीला कामगारच यायला तयार नव्हते, कारण भिंती सिमेंटच्या, खोल्या कोंदट आणि भाडे परवडेना. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही रिकाम्या चाळींचा सरकारने चक्क तुरुंग केला. आज त्या चाळी पाडून पाचशे चौरस फुटांची घरे दिली जात आहेत आणि ते योग्यच होत आहे. पण ज्या खोल्यांत सत्याग्रही कोंडले गेले आणि पुढे त्याच खोल्यांत गिरणी कामगारांचे संसार झाले, त्या खोल्यांचा खोलीवार इतिहास आपण लिहून घेतला का? परळच्या बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या) चाळीतल्या ज्या दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीसहून अधिक वर्षे राहिले, त्या खोल्या आपल्याला माहीत आहेत आणि त्या माहीत असायलाच हव्यात. त्याच गॅलरीत त्यांचे शेजारी कोण होते, हे सांगू शकणारी माणसे मात्र आता जवळपास संपली आहेत.

भुतांच्या गोष्टींकडे मी वळते ती इथे. ज्या माणसांची नोंद दप्तरात होत नाही, त्यांची नोंद लोक आपल्या परीने ठेवतात, आणि त्या परींपैकी एक परी भुताची आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि पुढच्या काही महिन्यांत शहराच्या जवळपास निम्म्या लोकांनी मुंबई सोडली. सरकारी माणसे घरात शिरून आजारी माणसाला उचलून नेत, घराची कौले काढून ऊन आत सोडत, आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तशी खूण करत. त्या ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. त्या सुमारास शहरात एक अफवा पसरली होती. राणीच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले, त्याचा सूड म्हणून राणीने माणसांची काळजे मागवली आहेत आणि ती इस्पितळात काढली जातात, अशी ती अफवा होती. इंग्रज अधिकाऱ्यांनी ती लिहून ठेवली ती नेटिवांच्या अडाणीपणाचा पुरावा म्हणून. आज तीच अफवा आपल्याला त्या काळातली भीती जितकी नेमकी सांगते, तितकी मृत्यूंचे तक्ते सांगत नाहीत. इस्पितळात नेलेले माणूस परत येत नाही, त्याचे प्रेतही धड हाती लागत नाही आणि आपल्याला कोणी काही विचारत नाही, हे सगळे त्या काळजांच्या गोष्टीत आहे. काळजे काढली जात नव्हती, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. म्हणून ती गोष्ट निरुपयोगी ठरत नाही.

याहून जवळचे आणि मला फार मोलाचे वाटणारे उदाहरण विहिरींचे आहे. मुंबईतल्या मलेरियाचे डास घरोघरच्या विहिरींत वाढतात, असे डॉ. बेंटली यांच्या १९११ च्या अहवालातून पुढे आले आणि पालिकेने विहिरी झाकायचा आणि बुजवायचा सपाटा लावला. लोकांनी विरोध केला, आणि तो केवळ पाण्यासाठी नव्हता. या विहिरींत कोणा पिराचा वास होता, कोणा रक्षण करणाऱ्या शक्तीचे ठाणे होते, पारशी कुटुंबे तिथे दिवा लावत, हिंदू बायका फुले वाहत. चर्चगेटजवळची भिखा बेहरामची १७२५ सालची विहीर आजही त्या श्रद्धेची साक्ष देत उभी आहे. त्या वेळी रुस्तम पेस्तनजी मसानी हे पालिकेचे अधिकारी होते. ज्या पालिकेला विहिरी बुजवायच्या होत्या त्याच पालिकेत काम करणाऱ्या या माणसाने विहिरींच्या गोष्टी जमवल्या, त्यांचा अभ्यास केला आणि १९१८ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. विहिरी राहिल्या नाहीत, गोष्टी राहिल्या. मसानींचा त्या पिरांवर विश्वास होता की नव्हता, हा प्रश्न इथे गौण आहे. लोकांची एखादी वस्तू काढून घेताना त्या वस्तूविषयी ते काय सांगतात हे ऐकून घ्यावे, एवढे सौजन्य शंभर वर्षांपूर्वी या शहराच्या कारभारातल्या एका माणसाजवळ होते. आज ते नियमाने मागावे लागत असेल तर नियमाने मागू.

यावर विवेकवादी मित्रांचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि मी तो हलका मानत नाही. या राज्याने डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी गमावले, आणि त्यांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचले तो जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणे आता गुन्हा आहे, आणि अशा मारहाणीला बहुतेकदा बाईच बळी पडत आली आहे. मग भुताच्या गोष्टी सरकारी दप्तरात नोंदवणे म्हणजे त्यांना मान्यता देणे नव्हे काय? मला तसे वाटत नाही. न्यायालय साक्षीदाराचे म्हणणे लिहून घेते तेव्हा ते खरे मानूनच लिहून घेते असे नाही. ते तपासायचे असते म्हणून आधी लिहून घ्यावे लागते. भूत नाही, हे सांगून विवेकाचे अर्धे काम होते. भूत नाही, तर मग पन्नास बायका पन्नास वर्षे त्याच वळणावर पावले का भरभर उचलत होत्या, याचा शोध घेणे हे उरलेले अर्धे काम आहे, आणि ते आपण फारसे केलेले नाही.

हा शोध घेताना गोष्टींच्या मर्यादाही दिसतात. भुताची वदंता उठवून भाडेकरूला हुसकावता येते, नको असलेल्या जातीच्या किंवा धर्माच्या बिऱ्हाडावर तिचे खापर फोडता येते, आणि गोष्ट तोंडोतोंडी फिरताना तिचे तपशील गळून साचा तेवढा उरतो. आमच्या चाळीतल्या मुलांची हडळ तशी साच्यातली होती, ती कोणत्याही गावच्या पिंपळाखाली चालली असती. आता मोबाइलवर फिरणाऱ्या झपाटलेल्या जागांच्या याद्यांत ज्या बंद गिरण्या आणि पाडलेले वाडे येतात, त्यांतही हीच गोष्ट असते, पांढरी नाहीतर हिरवी साडी, पैंजण, आणि मध्यरात्र. त्या गिरणीत कोण काम करत होते, १९८२ च्या संपानंतर त्यांचे काय झाले, हे त्या याद्यांत येत नाही. त्यामुळे गोष्ट नोंदवताना ती कोणी सांगितली, कोणाकडून ऐकली, बायकांची गोष्ट आणि पुरुषांची गोष्ट एक आहे की दोन, हे नोंदवणे अत्यावश्यक आहे. आमच्या चाळीत त्या दोन होत्या, आणि खरे काय घडले ते एकीतच होते.

कोणाचे भूत होते आणि कोणाचे होत नाही, हेही पाहण्यासारखे आहे. बाबू गेनू हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे मेला. त्याचे भूत झाल्याचे मी कधी ऐकले नाही, त्याच्या नावाचा रस्ता झाला. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली, पुढे काही दिवसांनी निघालेल्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले. त्यांची आठवण चळवळीने ठेवली आणि ती अजून ठेवली जाते. ज्या मृत्यूविषयी मोठ्याने बोलता येते, त्याला भुताचा आधार लागत नाही. चाळींतली भुते बहुतेक करून बायकांची असतात, त्यातही तरुण बायकांची, विहिरीत पडलेल्या, जळलेल्या, बाळंतपणात गेलेल्या. ज्यांच्याविषयी गॅलरीत फक्त कुजबुजता येत होते, त्याच जिन्यात उभ्या राहिल्या.

स्टोव्हचा भडका उडून सून गेली, ही बातमी ज्या काळात मुंबईत नेहमीची होती त्या काळात मी वाढले. हुंड्यासाठी होणारा छळ हा स्वतंत्र गुन्हा म्हणून दंड संहितेत १९८३ साली आला, आणि हुंडाबळीचे कलम १९८६ साली. त्याआधी गेलेल्या बायकांचे मृत्यू पंचनाम्यात एका ओळीत मिटले. शेजाऱ्यांनी साक्ष दिली नाही, कारण शेजाऱ्यांना त्याच गॅलरीत राहायचे होते, त्याच नळावर पाणी भरायचे होते, आणि शेजारणींना तर नवऱ्याला विचारल्याशिवाय चौकीची पायरी चढता येत नव्हती. भाडेपावती पुरुषाच्या नावाची, रेशनकार्डावरचे नाव मेल्यावर कमी होणारे. आज म्हाडा पात्र भाडेकरूंची यादी करते ती याच कागदांवरून करते. म्हणजे लग्न होऊन चाळीत आलेली आणि तीन-चार वर्षांत गेलेली बाई आपल्या कोणत्याच यादीत कुठेच सापडणार नाही. तिची नोंद होती ती फक्त मागच्या जिन्यात, आणि तो जिना आपण पाडला.

म्हणून मागणी स्पष्टपणे मांडते. इमारत अतिधोकादायक ठरून रिकामी होण्यापूर्वी, किंवा पुनर्विकासाला संमती मिळाल्यापासून घरे सोडण्यापर्यंत, काही महिने सहसा हातात असतात. मोजणीदार तेव्हा येतच असतो, नकाशा होतच असतो, कागद तपासले जातच असतात. त्याच काळात प्रत्येक बिऱ्हाडातल्या वडीलधाऱ्या माणसाशी, आणि आवर्जून बाईशी वेगळे बसून, बोलणे व्हावे. हे काम जवळच्या महाविद्यालयांचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली करू शकतील, आणि त्याचा खर्च पुनर्विकासाच्या एकूण खर्चापुढे डोळ्यांत भरण्याइतकाही असणार नाही. ही नोंद राज्याच्या पुराभिलेखागारात जमा झाल्याशिवाय पाडकामाची अंतिम परवानगी मिळू नये. संबंधितांचे वारस हयात असतात, हा आक्षेप खरा आहे आणि महत्त्वाचा आहे. कोणावर मेल्यानंतर खटला चालवण्यासाठी ही नोंद नाही. नावे असलेला भाग ठरावीक वर्षे बंद ठेवता येतो, जगभरच्या अभिलेखागारांत तसे केले जाते. अतिधोकादायक इमारत एका रात्रीत रिकामी करावी लागली तर हेच काम संक्रमण शिबिरात करावे. तिथे माणसे वर्षानुवर्षे असतात, आणि त्यांना बोलायला कोणी हवेच असते.

हे मी अनुभवाने सांगते आहे. मी आठ-नऊ वर्षांची असताना गंमत म्हणून शेजारच्या बिऱ्हाडाच्या दाराला बाहेरून कडी घातली होती. आतल्या मुलाने दार वाजवायला सुरुवात केली तशी माझी आई मोरीतून ओल्या हातांनी धावत आली, तिने आधी कडी काढली आणि मग सगळ्या गॅलरीसमोर मला मारले. आई एरवी हात उगारणारी नव्हती. आमच्या मजल्यावरच्या कोणत्याही खोलीला, आत माणूस असताना, बाहेरून कडी घालायची नाही, हा नियम कोणी केला होता आणि का, हे मला कोणी सांगितले नाही. कडी काढायला सांगणारी जिन्यातली बाई आणि मला बसलेला मार यांचा काही संबंध असेल, हे मला चाळ पडेपर्यंत सुचले नव्हते.

संक्रमण शिबिरात आमच्या मजल्यावरच्या एक काकू राहतात. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, पण स्मरण लख्ख. गेल्या वर्षी वही घेऊन मी त्यांच्याकडे चार दुपारी बसले. तीन दुपारी त्या गणपतीची, पाण्याची, संपातल्या उपासमारीची हकिकत सांगत होत्या. चौथ्या दुपारी मी जिन्यातल्या बाईविषयी विचारले. त्या बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग त्यांनी तिचे नाव सांगितले, आधी सासरचे आणि मग माहेरचे, आणि ती तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत तीन वर्षे होती, मागच्या जिन्यावरून पाणी आणायची, हेही सांगितले. "आम्ही होतो ना गॅलरीत," त्या म्हणाल्या. "दार आतून वाजत होतं. आम्हाला वाटलं, नेहमीचंच भांडण. आणि त्यांच्या घरच्या कडीला हात कोण लावणार, सांग." सुतकाचे दिवस सरल्यावर पहिल्यांदा ती कोणाला दिसली, हे त्यांना सांगता येईना. त्या एवढेच म्हणाल्या, की ज्या ज्या त्या वेळी गॅलरीत होत्या, त्या सगळ्यांना ती दिसली.

निघण्याआधी मी लिहिलेले त्यांना वाचून दाखवले. सगळे त्यांनी मान हलवत ऐकले. एका ओळीवर त्यांनी मला थांबवले आणि ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली. मी वाचली, "दाराला बाहेरून कडी लागली होती."

"लागली होती नको," काकू म्हणाल्या. "लावली होती, असं लिही."